गिरणीच्या गावचा काउबॉय

१९४६ साली मॉन्ट्रिऑलमध्ये विली लामोत नावाच्या सव्वीस वर्षांच्या तरुणाने आरसीए व्हिक्टर कंपनीसाठी फ्रेंच भाषेत काही गाणी ध्वनिमुद्रित केली. त्यातल्या दोन गाण्यांनी त्याला क्वेबेक प्रांताच्या घराघरात नेलं. एक होतं ‘ज शांत आ श्वाल’, म्हणजे ‘मी घोड्यावर बसून गातो’. दुसरं ‘ज स्वी अँ काउबॉय कानाद्यां’, म्हणजे ‘मी कॅनडाचा काउबॉय’. गाणाऱ्याच्या हातून गुरांचा एकही कळप कधी हाकला गेला नव्हता. तो नाच शिकवायचा. सैन्यात असताना जवानांपुढे गाता गाता त्याचा आवाज लोकांच्या कानावर पडू लागला होता. तो ज्या मुलखात वाढला तिथे दुभत्या गाईंचे गोठे होते, मक्याची शेतं होती, चर्चचे उंच मनोरे होते आणि पहाटे कामगारांना उठवणारे गिरण्यांचे भोंगे होते. टेक्सासची कुरणं तिथून हजारो मैल दूर.

असं असूनही ही गाणी क्वेबेकच्या लोकांना परकी वाटली नाहीत. शेतकरी, लाकूडतोडे, कापडगिरणीतल्या मुली, ट्रक चालवणारे, सगळ्यांनी ती आपली म्हणून उचलली आणि पुढची तीस वर्षं विली लामोतला खांद्यावर घेतलं. याच काळात शिकलेल्या शहरी वर्गाने मात्र त्याच्याकडे पाठ फिरवली. उसन्या वेशातला हा माणूस इतक्यांना आपला का वाटला, हे समजून घ्यायचं तर त्याच्या गावापासून सुरुवात करावी लागते.

गिय्योम लामोत, म्हणजे पुढचा विली, २७ जानेवारी १९२० रोजी सेंत-ह्यूग या खेड्यात जन्मला. जवळचं मोठं गाव सेंत-यासेंत. मॉन्ट्रिऑलच्या पूर्वेला मोटारीने तासाभरात पोहोचता येतं. या गावाची संगीतजगतात ओळख आहे ती चर्चमधल्या अजस्र पाइप ऑर्गनसाठी. काझाव्हां बंधूंनी १८७९ साली इथे ऑर्गन बनवायचा कारखाना काढला आणि त्यांचे ऑर्गन जगभरच्या चर्चमध्ये गेले. म्हणजे एका बाजूला धर्मसंगीताचं एवढं भव्य वाद्य घडवणारं गाव, आणि त्याच परिसराने गिटार घेऊन खोगिरावरची गाणी म्हणणारा गायक दिला. विलीचे दोन समकालीनही याच पट्ट्यातले. पॉल ब्रुनेल १९२३ साली ग्रॅन्बीत जन्मला, मार्सेल मार्तेल १९२५ साली ड्रमंडव्हिलला. फ्रेंच भाषेतल्या काउबॉय गाण्याचे हे तिघे पाया घालणारे आणि तिघांची गावं एकमेकांपासून तासाभराच्या अंतरात. ही गावं कसली होती? कारखान्यांची. ड्रमंडव्हिलमध्ये कृत्रिम रेशमाची प्रचंड गिरणी होती, ग्रॅन्बीत रबराचे आणि तंबाखूचे कारखाने होते. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. क्वेबेकचा काउबॉय कुरणात जन्मला नाही, तो गिरणीच्या गावात जन्मला.

ही माणसं गिरण्यांत कशी आली, याची गोष्ट जुनी आहे. फ्रान्सने १७६३ साली कॅनडातली आपली वसाहत इंग्रजांना दिली आणि नदीकाठचे साठ-सत्तर हजार फ्रेंच शेतकरी इंग्रजी राज्याखाली आले. त्यांनी भाषा सोडली नाही, धर्म सोडला नाही आणि शेत सोडलं नाही. घरोघरी दहा-बारा मुलं. जमीन वाटता वाटता संपली. १८४० ते १९३० या नव्वद वर्षांत सुमारे ९ लाख फ्रेंच कॅनेडियन माणसं पोटासाठी सीमेपलीकडे अमेरिकेच्या न्यू इंग्लंड भागातल्या गिरण्यांत गेली. जे मागे राहिले त्यातले कित्येक आपल्याच प्रांतातल्या गिरण्यांत शिरले. तिथे मजूर फ्रेंच बोलायचा आणि मालक इंग्रजी. १९६१च्या जनगणनेच्या आकड्यांवरून सरकारी आयोगाने हिशेब मांडला तेव्हा स्वतःच्याच प्रांतात फ्रेंच वंशाच्या पुरुषांची कमाई बहुतेक सगळ्या समाजांच्या खाली, जवळजवळ तळाशी असल्याचं दिसलं. या माणसांच्या आयुष्यात दूर जाणं, घराची ओढ, आईची आठवण, परतीचा लांबलेला रस्ता हे सगळं रोजचं होतं. काउबॉयचं गाणं नेमकं हेच बोलत होतं.

ते गाणं त्यांच्यापर्यंत पोहोचलं दोन वाटांनी. पहिली वाट सिनेमाची. ९ जानेवारी १९२७ रोजी मॉन्ट्रिऑलच्या लॉरिए पॅलेस चित्रपटगृहात आग लागली आणि चेंगराचेंगरीत ७८ मुलं मेली. आधीपासूनच सिनेमावर राग असलेल्या कॅथलिक चर्चने दबाव वाढवला आणि सरकारने सोळा वर्षांखालच्या मुलांना चित्रपटगृहात जायला कायद्याने बंदी घातली. १९२० साली जन्मलेल्या मुलाला त्यामुळे १९३६पर्यंत वाट पाहावी लागली. आणि १९३६ म्हणजे गाणारा काउबॉय जीन ऑट्री ऐन भरात असण्याचा काळ! इतकी वर्षं ज्या दारातून आत जायला मनाई होती, ते दार उघडल्यावर पडद्यावर पांढरी टोपी, गिटार आणि शहाणा घोडा. त्या पिढीवर त्याचा केवढा ठसा उमटला असेल, याची कल्पना करता येते.

दुसरी वाट रेडिओची. रात्री हवा स्वच्छ असली की अमेरिकेतल्या व्हीलिंग शहराचं ५० हजार वॉटचं केंद्र पूर्व कॅनडाभर ऐकू यायचं आणि त्यावर कंट्री संगीताचा, म्हणजे काउबॉयच्या गाण्यासारख्या ग्रामीण अमेरिकन गाण्यांचा, पाऊस पडायचा. शब्द कळत नसले तरी चाल कळायची. शिवाय हे संगीत केवळ सीमेपलीकडचं राहिलं नव्हतं. इंग्रजी कॅनडाचा पहिला गाजलेला काउबॉय गायक विल्फ कार्टर याची १९३३ सालची पहिली तबकडी आणि त्याच्यामागून आलेल्या हँक स्नोची १९३६ सालची पहिली तबकडी, दोन्ही मॉन्ट्रिऑलमध्येच मुद्रित झाल्या. ज्या शहराला लोक फ्रेंच अमेरिकेची राजधानी म्हणतात, तेच कॅनडाच्या कंट्री संगीताचंही जन्मगाव.

याच्याही आधी क्वेबेकमध्ये लोकगाण्याला तबकडीवर आणणारी एक बाई होऊन गेली. मेरी ट्रॅव्हर्स, सगळे तिला ला बोल्दुक म्हणत. गास्पेच्या समुद्रकाठी वाढलेली, माउथ ऑर्गन आणि फिडल वाजवणारी, मंदीच्या काळात घरखर्चासाठी गायला लागलेली ही गृहिणी १९३०च्या सुमारास प्रांतातली सर्वांत लोकप्रिय गायिका झाली. गाण्याच्या मध्ये ती जिभेने निरर्थक बोलांची झड लावायची. फिडलची गत तोंडाने वाजवण्याची ही तिकडची जुनी रीत. अमेरिकन काउबॉयचं योडल, म्हणजे गळा छातीच्या सुरातून झटकन वरच्या सुरात टाकत घेतलेली आलापी, क्वेबेकच्या कानाला इतकी चटकन रुचली यामागे ही जुनी सवय असावी असं मला वाटतं. शब्द थांबल्यावर गळ्याने खेळायचं असतं हे त्या श्रोत्यांना आधीपासून माहीत होतं.

पण फ्रेंच भाषेत काउबॉयचं गाणं उभं राहायला महायुद्ध कारणीभूत झालं. जून १९४०मध्ये पॅरिस जर्मनांच्या हाती गेलं आणि फ्रान्समधून येणाऱ्या तबकड्या थांबल्या. तोवर क्वेबेकमधले फ्रेंच श्रोते मुख्यतः पॅरिसच्या गायकांवर पोसलेले होते. आता दुकानं रिकामी पडली. मॉन्ट्रिऑलमध्ये तबकड्या काढणाऱ्या दोन मोठ्या कंपन्या होत्या, आरसीए व्हिक्टर आणि कॉम्पो. दोन्हींची मुळं एकाच घरात. सपाट तबकडीच्या ग्रामोफोनचा जनक एमिल बर्लिनर याने मॉन्ट्रिऑलला कंपनी थाटली, ती पुढे व्हिक्टरने घेतली. एमिलचा मुलगा हर्बर्ट याने १९१८ साली शेजारच्या लाशीनमध्ये स्वतंत्र कॉम्पो कंपनी काढली. या दोन्ही कंपन्यांना आता घरचे गायक हवे होते.

कॉम्पोला मिळाला एक शिपाई. रोलां लब्रं, १९१९चा, आम्की गावचा, गिटार आपली आपणच शिकलेला. व्हॅल्कार्तिएच्या लष्करी तळावर असताना तो गायचा. १९४२ साली त्याच्या तबकड्या निघाल्या आणि ‘सोल्दा लब्रं’, शिपाई लब्रं, हे नाव प्रांतभर झालं. त्याचं सर्वांत गाजलेलं गाणं सैनिकाच्या निरोपाचं आहे. त्याच वर्षी २७ एप्रिलला सक्तीच्या सैन्यभरतीवर देशभर कौल घेतला गेला. देशाने होकार दिला, पण क्वेबेकच्या सुमारे ७२ टक्के मतदारांनी नकार दिला. अशा वेळी हा साधा, किंचित नाकातला आवाज ना युद्धाचा जयजयकार करत होता ना सरकारला शिव्या देत होता. तो फक्त आईला, प्रेयसीला, लेकराला सोडून जाणाऱ्या मुलाचं दुःख सांगत होता. एक गिटार आणि एक आवाज, बस्स. क्वेबेकमधल्या कंट्री गाण्याचा आरंभ बहुतेक अभ्यासक इथूनच मोजतात. त्याच्या गाण्यांत घोडे किंवा कुरणं फारशी नव्हती. पण साज तोच आणि विरह तोच.

लब्रंने दार उघडलं. विलीने त्यातून घोडा आत आणला.

विलीच्या गळ्यात दोन गुरू नांदत होते. एक अर्थातच जीन ऑट्री. दुसरा तिनो रोसी, कॉर्सिका बेटावरचा, मधाळ आवाजात प्रेमगीतं गाणारा फ्रेंच गायक, ज्याने तिशीच्या दशकात फ्रेंच बोलणाऱ्या सगळ्या जगाला वेड लावलं होतं. हे दोघे एकत्र कसे येतील? पण विलीने ते जमवलं. ठेका काउबॉयचा, गिटारची पुढे ढकलणारी खटखट. आणि त्यावर शब्द मात्र लांबवलेले, गोंजारलेले, शेवटचा स्वर हळुवार सोडलेला. इंग्रजी गाण्याचं नुसतं भाषांतर करणारा गायक असा गात नाही. फ्रेंच शब्दांचा जोर बहुधा शेवटच्या अक्षरावर येतो, इंग्रजीचा पुष्कळदा सुरुवातीला. इंग्रजी चालीवर फ्रेंच शब्द बसवायचे तर गाण्याचा तोल बदलावा लागतो. विली, ब्रुनेल आणि मार्तेल या तिघांनी हे काम इतक्या सहजपणे केलं की ते काम आहे हेच ऐकणाऱ्याला कळत नाही. बहुतेक गाणी तीन-चार स्वरमेळांवर उभी, चाल दोन-चारदा ऐकली की पाठ होणारी. कॅटलॉगमधून टपालाने मागवलेली स्वस्त गिटार हातात आली की शेतावरचं पोरही ती आठवड्याभरात वाजवू शके. या साधेपणालाच पुढे टीकाकार नावं ठेवणार होते. मला तर तीच या गाण्याची खरी ताकद वाटते. ते ऐकणाऱ्याच्या हातात पडत होतं.

विषयही ठरलेले. आई, प्रियतमा, घोडा, तुटलेलं घर, दूरचा रस्ता. ‘आलो आलो पती मिशेल’ हे विलीचं आणखी एक लोकप्रिय गाणं आपल्या लहानग्या मुलाला, मिशेलला उद्देशून आहे. सतत दौऱ्यावर असलेल्या बापाने घरी राहिलेल्या मुलाला साद घालायची, ही कल्पना काउबॉयची नाही. ती लाकूडतोड्याची आहे, हंगामी मजुराची आहे. क्वेबेकच्या उत्तरेकडच्या जंगलांत माणसं हिवाळाभर लाकूड तोडायला जायची आणि वसंतात परतायची. त्यांच्या बायकापोरांना हे गाणं समजावून सांगावं लागलं नाही.

गाणं तबकडीवर निघालं तरी विलीचा खरा संसार रस्त्यावर होता. तो आणि त्याची मंडळी गावोगाव फिरत. चर्चच्या तळघरातली सभागृहं, शाळा, जत्रा, गावातले सिनेमे, जिथे जागा मिळेल तिथे कार्यक्रम. क्वेबेकच्या बाहेर, शेजारच्या सागरी प्रांतांतल्या फ्रेंच वस्त्यांत आणि न्यू इंग्लंडच्या गिरणीगावांतही, जिथे स्थलांतरितांची दुसरी-तिसरी पिढी अजून घरात फ्रेंच बोलत होती. नुसतं गाणं नसायचं. विनोद, नकला, गप्पा, नाच, सगळं मिळून संध्याकाळ. झालरीचा सदरा, मोठी टोपी आणि चेहऱ्यावर कायम खट्याळ हसू असलेला विली गाण्याइतकाच गप्पांसाठी आवडायचा. ज्या लोकांकडे कुठल्याही नाटक कंपनीने कधी फिरकून पाहिलं नव्हतं, त्यांच्याकडे हा माणूस हिवाळ्यातही पोहोचत होता. तिकडच्या हिवाळ्यात रस्त्याने जाणं म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना या एका वाक्याचं वजन कळेल.

तो जुन्याला चिकटून बसलेला गायक नव्हता, हेही सांगितलं पाहिजे. पन्नाशीच्या दशकात एल्व्हिस प्रेस्लीची लाट आली तेव्हा विलीने ‘रॉक अँड रोल आ श्वाल’, म्हणजे घोड्यावरचं रॉक अँड रोल, अशी तबकडी काढली. फ्रेंच भाषेतल्या अगदी सुरुवातीच्या रॉक गाण्यांत तिचं नाव घेतलं जातं. त्यात एक अजब योग लपलेला आहे. ज्या मिशेलला त्याने गाण्यातून हाक मारली होती, तो मोठा होऊन बास गिटार वाजवू लागला आणि क्वेबेकच्या रॉक संगीतातल्या ऑफेनबाख या सर्वांत दणकट बँडच्या संस्थापकांपैकी एक ठरला.

मग १९६० उजाडलं आणि क्वेबेक बदलू लागलं. शाळा, इस्पितळं, विद्युत कंपन्या, सगळ्यांवरची चर्चची आणि इंग्रजी भांडवलाची पकड सैल करणारं सरकार आलं. इतिहासात या काळाला ‘शांत क्रांती’ म्हणतात. नव्या, शिकलेल्या, आत्मविश्वासाने भरलेल्या पिढीला स्वतःचा आवाज हवा होता. तो तिला कवी-गायकांमध्ये सापडला. फेलिक्स लक्लेर आधीपासून होताच. जील विन्योसारखे नवे आले. लहान अंधाऱ्या कॅफेंमध्ये, गिटार घेऊन, साहित्यिक शब्दांची गाणी. ती खरोखरच उत्तम गाणी होती, त्यांच्याबद्दल मनात आदरच आहे. पण त्या नव्या अभिमानाच्या प्रकाशात विलीसारखे लोक एकदम लाजिरवाणे ठरले. अमेरिकेची नक्कल करणारे, भडक कपड्यांतले, रडकी गाणी गाणारे. अशा गावंढळ, भपकेबाज गोष्टींना तिकडच्या बोलीत ‘केतेन’ म्हणतात आणि वेस्टर्न, अर्थात काउबॉयचं, गाणं म्हणजे केतेनपणाचा कळस, असं शहरात ठरून गेलं. सरकारी प्रसारण संस्था आणि गंभीर वृत्तपत्रं या गाण्यांकडे ढुंकून पाहत नव्हती.

या तिरस्कारात अन्याय होता आणि तो दुहेरी होता. ज्या शेतकरी-कामगारांच्या नावाने नवी पिढी राष्ट्राची गोष्ट करत होती, तेच लोक शनिवारी रात्री विलीला ऐकत होते. त्यांची भाषा जपायची, पण त्यांची गाणी नकोत. शिवाय उसनेपणाचा आरोप फक्त काउबॉयवर. कवी-गायकांनी पॅरिसच्या कॅफेंची धाटणी उचलली होती, त्याला कुणी उसनं म्हणालं नाही. कला कुठून आली यापेक्षा ती कुणाच्या जगण्यात रुजली हे पाहायला हवं होतं. विलीने अमेरिकेकडून टोपी घेतली खरी, पण इंग्रजीच्या महासागरात, रेडिओ आणि सिनेमा दिवसरात्र इंग्रजी ओतत असताना, त्याने लाखो साध्या माणसांना त्यांच्या भाषेतलं करमणुकीचं गाणं दिलं. नाहीतर त्यांनी तीच गाणी इंग्रजीत ऐकली असती. भाषा टिकवण्याच्या कामात याचा वाटा कधीच नीट मोजला गेला नाही.

मान्यता आली ती दोन बाजूंनी. एक टेलिव्हिजनची. तेले-मेत्रोपोल ही १९६१ साली मॉन्ट्रिऑलच्या कामगारवस्तीच्या पूर्व भागात सुरू झालेली खासगी वाहिनी. सरकारी वाहिनी ज्यांना पडद्यावर घेत नव्हती ते या वाहिनीचे प्रेक्षकही आणि कलाकारही. तिथे १९७० साली ‘ल रांच आ विली’, विलीचं रांच, हा कार्यक्रम सुरू झाला आणि १९७६पर्यंत चालला. सोबतीला न्यू ब्रन्सविकचा बॉबी हॅशी, फ्रेंच अकादियन घरातला निष्णात गिटारवादक. विलीने बोलायचं, बॉबीने वाजवायचं आणि दोघांनी एकमेकांना चिडवायचं. वेस्टर्न गायकांसाठी प्रांतात एवढा मोठा मंच याआधी नव्हता.

दुसरी बाजू अनपेक्षित होती. राष्ट्रीय चित्रपट मंडळाने १९७१ साली त्याच्यावर माहितीपट काढला, जाक लदुक आणि ल्युस्यां मेनार या दोघांचा. नाव त्याच्याच गाण्यावरून घेतलेलं. आणि मग दिग्दर्शक जील कार्लने त्याला अभिनयासाठी बोलावलं. कार्ल हा क्वेबेकच्या नव्या सिनेमाचा बिनीचा शिलेदार, म्हणजे ज्या वर्गाने विलीला नाकारलं होतं त्याच वर्गाचा लाडका. पण त्याला लोकांच्या आवडीनिवडींची घृणा नव्हती, त्यात त्याला त्याच्या समाजाचं खरं रूप दिसत होतं. ‘ला व्रे नात्युर द बेर्नादेत’ १९७२ साली आणि ‘ला मोर दँ ब्युशरों’, लाकूडतोड्याचा मृत्यू, १९७३ साली, दोन्ही चित्रपट कान महोत्सवाच्या स्पर्धेत गेले आणि दोन्हींत विली होता.

दुसऱ्या चित्रपटावर थोडं थांबायला हवं. त्याच्या नायिकेचं नाव मारिया शाप्दलेन. हे नाव क्वेबेकमध्ये पवित्र मानलं जायचं. लुई एमोंच्या प्रसिद्ध कादंबरीतली ती शेतकऱ्याची सोशिक, धर्मभीरू मुलगी. कार्लची मारिया शहरात येते, नाहीशा झालेल्या बापाचा शोध घेते आणि पोटासाठी अर्धनग्न अवस्थेत वेस्टर्न गाणी गायला उभी राहते. तिला तिथे उभं करणारा माणूस विलीने साकारला. स्वतःच्याच क्षेत्रातली काळी बाजू, गायिकांचं होणारं शोषण, हसऱ्या चेहऱ्यामागचा व्यवहार, हे सगळं त्याला दाखवायचं होतं. त्याने ते न कचरता दाखवलं. खट्याळ हसू तेच, पण इथे ते अंगावर येतं. त्या भूमिकेसाठी त्याला १९७३चा सर्वोत्तम सहायक अभिनेत्याचा कॅनेडियन चित्रपट पुरस्कार मिळाला. त्या वर्षी क्वेबेकच्या दिग्दर्शकांनी सोहळ्यावर बहिष्कार टाकल्यामुळे समारंभ रद्द झाला आणि विजेत्यांची नावं पत्रकार परिषदेत सांगितली गेली.

याच दिवसांत त्याला आयुष्यातलं बहुधा सर्वांत मोठं गाणं मिळालं. ‘मील आप्रे मील’, मैलामागून मैल. ते लिहिलं जेराल जोलीने. सतत वाटेवर असलेल्या, थकलेल्या, घरापासून लांब गेलेल्या माणसाचं हे संथ गाणं. त्यात ना घोडा आहे ना कुरण. तीस वर्षं रस्त्यावर काढलेला पन्नाशीचा गायक ते गातो तेव्हा काउबॉयचा वेश गळून पडतो आणि मागे उरतो तो एक फ्रेंच कॅनेडियन प्रवासी, जो लब्रंच्या शिपायाचाच भाऊ आहे. १९७७ साली कॅनडाच्या रस्त्यांवरच्या पाट्या मैलांवरून किलोमीटरवर गेल्या. गाण्यातले मैल मात्र कुणी बदलले नाहीत.

१९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात पक्षाघाताने त्याला गाठलं आणि रस्त्यावरचं आयुष्य थांबलं. १९ ऑक्टोबर १९९२ रोजी सेंत-यासेंतमध्ये त्याचा मृत्यू झाला. पुढच्या सात वर्षांत ब्रुनेल आणि मार्तेलही गेले.

त्यांचं गाणं मात्र गेलं नाही. मॉरिसी भागातल्या सें-तीत या चार हजारांच्या आसपास वस्तीच्या गावात १९६७ साली बूट बनवणाऱ्या बुले कंपनीने चामड्याच्या धंद्याला चालना मिळावी म्हणून रोडिओ, म्हणजे काउबॉयच्या घोडा-बैलांच्या खेळांचा मेळा, भरवला. त्याचा वार्षिक उत्सव झाला आणि आज दर सप्टेंबरला लाखो लोक तिथे जमतात. बूट कारखान्याने सुरू केलेला रोडिओ, ही गोष्टही गिरणीगावच्या काउबॉयशी मिळतीजुळतीच. मार्सेल मार्तेलची मुलगी रने मार्तेल साठीच्या दशकात पॉप गायिका म्हणून गाजली आणि मग बापाच्या गाण्याकडे परतली. २०१४ साली कॅनडाच्या टपालखात्याने कंट्री गायकांवर तिकिटं काढली तेव्हा हँक स्नो, शनाया ट्वेन यांच्या पंक्तीत फ्रेंच गाणारी ती एक होती. १९९५ साली निघालेल्या एका बँडने ‘काउबॉय फ्रँगां’ असं नाव घेतलं, सुरुवातीला थट्टेच्या सुरात वेस्टर्न गाणी म्हटली आणि पुढे तो प्रांतातला सर्वांत लाडका बँड झाला. त्यांचा गायक कार्ल ट्रांब्ले २०२३ साली कर्करोगाने गेला, तेव्हा मॉन्ट्रिऑलच्या बेल सेंटरमध्ये सरकारने त्याला राष्ट्रीय मानवंदना दिली. काउबॉय हा शब्द ज्या प्रांतात चारचौघांत उच्चारायची लाज वाटायची, त्याच प्रांतात.

‘मील आप्रे मील’ पुढे अनेकांनी गायलं. त्यातलं फ्रेड पेलरँचं गायन मला सर्वांत जवळचं वाटतं. हा मॉरिसीतल्या एका खेड्याचा लोककथाकार, आवाज बारीक, गिटार जवळजवळ कुजबुजणारी. विलीला प्रथमच ऐकणाऱ्याने आधी १९४६चं ‘ज शांत आ श्वाल’ ऐकावं, तरुण गळ्यातली ऐट पाहावी. मग त्याचंच ‘मील आप्रे मील’. आणि त्यानंतर पेलरँचं. विलीच्या गायनात शब्दांच्या शेवटाकडे लक्ष द्यावं. तिथे स्वर तुटत नाही, किंचित ओढला जातो. तो तिनो रोसी आहे. खालून चालणारी गिटार जीन ऑट्रीची आहे. आणि या दोन्हींच्या मध्ये जो जाडसर, गावठी फ्रेंच उच्चार ऐकू येतो, ज्याबद्दल त्याला आयुष्यभर हिणवलं गेलं, तो सेंत-यासेंतच्या आसपासच्या शेतांचा आणि गिरण्यांचा आहे.